कोल्ड स्टोरेजमधली उलटी लाट

१२ जून २००६, सोमवार

"माझ्यावर ओरडता ते या वहीवर ओरडा," असं म्हणून कुसुमने ही वही माझ्या पुढ्यात आपटली. बरं. ओरडतो वहीवर. ही तरी उलट उत्तर देणार नाही.

मी गोपाळकृष्ण. चोवीस वर्षं मालवाहू बोटींवर वायरलेस ऑफिसर होतो. खलाशी मार्कोनीसाब म्हणायचे. नव्याण्णव साली उपग्रहांचं राज्य आलं, मोर्स बंद झाला, आणि कंपनीने एक सूटकेस भेट देऊन मला घरी धाडलं. कायमचा घरी निघालेल्या माणसाला शिंच्यांनी सूटकेस दिली! तेव्हापासून मांडवीच्या घरात बसून आहे. लोक विचारतात, सध्या काय चाललंय? काय चालणार, डोंबल!

पण आजचा राग वेगळा. आमची मनू, म्हणजे मनस्विनी, पुण्याला एम.टेक. करते. प्रबंधाच्या प्रयोगासाठी तिला अख्ख्या महाराष्ट्रात जागा सापडली ती इथल्याच मिरकरवाडा बंदरात, भिकाजीच्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजात. पावसाळ्यात मासेमारी बंद, खोली रिकामी, आतून सगळीकडून पत्रा. "असली खोली आमच्या कॉलेजात नाही, बाबा," म्हणते. नसणारच! नारळी पौर्णिमेला बोटी परत सुटतील, त्याच्या आत खोली मोकळी करून द्यायची.

म्हटलं, अगो, वायरलेसचा प्रयोग आणि तोही पत्र्याच्या डब्यात? लाट भिंतीवर आपटून आपटून नुसता गोंधळ माजेल. तर शांतपणे म्हणते, "तोच तर पाहिजे." माझा उभा जन्म गोंधळातून आवाज वेचण्यात गेला आणि हिला गोंधळच पाहिजे. जेवता जेवता उठून गेलो.

१९ जून, सोमवार

गेलो शेवटी. एकट्या मुलीला तिथे कशी सोडणार? वास असा, की घरी आल्यावर कुसुमने मागच्या दारी उभं करून माझ्यावर दोन बादल्या ओतल्या.

प्रयोग समजून घेतला. खोलीच्या मधोमध एक अँटेना, कोपऱ्यात दुसरी. यंत्रं सगळी बाहेर, पाइपच्या भोकातून वायरी आत. मधल्या अँटेनातून एक छोटीशी टिचकी सोडायची. ती भिंतींवर आपटत कोपऱ्यात पोचेस्तोवर तिचा पार कालवा झालेला असतो. तो कालवा यंत्रात भरून घ्यायचा, शेवटचं टोक पुढे अशा बेताने उलटा करायचा आणि त्याच कोपऱ्यातून परत सोडायचा. मग म्हणे प्रत्येक तुकडा आल्या वाटेने माघारी जातो आणि सगळे एकाच क्षणी मधल्या अँटेनावर येऊन भेटतात. पडद्यावर एकच उंच सुळका. जितके धक्के जास्त, तितका सुळका उंच. परदेशात करून पाहिलंय लोकांनी.

ऐकून पोरीचं कौतुक वाटलं, हे वहीत लिहायला हरकत नाही.

हे जमलं तर एम.टेक. पुरं आणि सप्टेंबरात फ्रान्सला संशोधनाची जागा. पण तिचे गाइड डॉक्टर वझे, आकडे पाहिल्याशिवाय शिफारशीवर सही करणार नाहीत. यंत्रं उसनी आणि म्हातारी आहेत, त्यामुळे भरून घेणं आणि परत सोडणं यात बराच वेळ जातो. मधल्या वेळात खोलीत काही हलता कामा नये, एवढीच अट. मी म्हटलं, ते माझ्यावर सोड. भिकाजीची माणसं रिकामे क्रेट न्यायला आत-बाहेर करतात, त्यांना वठणीवर आणतो. उद्यापासून लोखंडी घडीची खुर्ची घेऊन मी आत बसणार. गारव्याचं मशीन बंद आहे, दार आतून उघडतं, भीती कसली?

मनू जरा घुटमळली. मग म्हणाली, "बरं, बाबा."

२७ जून, मंगळवार

आठवडा झाला, सुळक्याचा पत्ता नाही! पडद्यावर नुसतं गवत, खुरट्या रेघांचं. मी आत डोळ्यांत तेल घालून बसतो. बसतो म्हणजे काय, गळतं त्या बाजूने खुर्ची सरकवतो, पाय आखडले की चार येरझाऱ्या घालतो, दाराला कान लावतो. पहारा असाच करतात.

मनूने आज विचारलं, "बाबा, तुम्ही आत फिरता का हो?"

"मग काय पुतळा होऊन बसू?"

"नाही, म्हणजे... माणसाने सुद्धा फरक पडतो."

मला हसू आलं. अगो, आम्ही सहाशे मीटरची लाट वापरायचो. तिच्यापुढे माणूस म्हणजे ढेकूण! म्हणाली, "या लाटा लहान आहेत, बाबा. वितीहून लहान." मी म्हटलं, लहान असो नाहीतर मोठी, लाट ती लाट, मला नको शिकवू. मग यंत्रापाशी गेली. पुण्याला जाऊन दोन पुस्तकं वाचली की बापाला अक्कल शिकवायची. संशय मला निलेशवर आहे. भिकाजीचा पुतण्या, तिथला कारभार तोच बघतो. सारखा दाराशी घुटमळतो.

४ जुलै, मंगळवार

आज डोकं फिरलंय. सकाळी मनू म्हणाली, पालीला एक रेडिओवाला आहे, त्याच्याकडे वायरीच्या जोडण्या मिळतात, तेवढ्या आणा. भर पावसात एसटीने गेलो. तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. "काका, असलं मी उभ्या जन्मात ठेवलेलं नाय. तुमाला कोनी सांगितलान?"

परत आलो तर मनूचा चेहरा फुललेला. सुळका आला! पडद्यावर दाखवलान मला. हा एवढा. एवढे दिवस मी तिथे कुजलो तेव्हा नाही आला, आणि पालीला गेलो त्या दिवशी बरा आला! म्हटलं, जोडण्या नाहीत तिथे. म्हणाली, "असू दे, बाबा, चालेल." चालेल म्हणजे काय? मग मला पाठवलंस कशाला?

रागारागात जेवलो नाही. कुसुमने पण आग्रह केला नाही.

११ जुलै, मंगळवार

चोर सापडला! मी आत बसलेलो असताना निलेशने दार उघडलं आणि चार क्रेट उचलले. मनू तेव्हा यंत्रात भरून घेत होती. मी जो काही पेटलो! शिंच्या, दीड दमडीची अक्कल नाही, पोरीचं आयुष्य आहे हे, तुझ्या बापाची मासळी नाही, असं सगळ्या बंदराला ऐकू जाईल इतकं ओरडलो. पोर पांढरा पडला. मग भिकाजी आला.

"साहेब, बापाची मासळीच हाय त्याच्या. खोली आमची हाय. मी पोरीच्या शब्दावर दिली, भाडं नाय घेतला. तुमी असे बोलूचे नाय."

मी काही बोलणार, तोच मनूने माझ्या दंडाला धरून मला बाहेर ओढलं आणि त्या भिकाजीची माफी मागितली. माझ्या वतीने! मी काय पाच वर्षांचा आहे? भिकाजीच्या बायकोने, दमयंतीने, मध्ये पडून भिकाजीने काढून घेतलेली किल्ली मनूच्या हातात परत दिली. माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही.

असो. निलेश आता फिरकायचा नाही. उद्यापासून बघा.

१५ जुलै, शनिवार

निलेश फिरकत नाही. कुणीच फिरकत नाही. खोलीत मी आणि अँटेना. तरी गवत!

चोर गेला आणि चोरी चालूच. मग आता कोण? मनूला विचारलं तर म्हणते, "होतं असं." असं होत नसतं गो! यंत्रात कारण असतं, माणसात कारण असतं.

कुसुम म्हणाली, "तुम्ही जरा आठ दिवस घरात बसा की. दमलात." मी म्हटलं, सात वर्षं बसलोय ते पुरलं नाही का तुला? तेव्हा तिने पदराने चष्मा पुसला आणि आत गेली. या बायकांचं काय चाललंय तेच कळत नाही.

२१ जुलै, शुक्रवार

कुसुमच्या बहिणीकडे पूर्णगडला जाऊन आलो. मला जायचं नव्हतं. मायलेकींनी मिळून पाठवलं. मेव्हणीकडे दिवसभर पाऊस बघत बसलो. संध्याकाळी घरी येतो तो मनू खुशीत. आजवरचा सर्वांत उंच सुळका आला. एकदा नाही, तीनदा.

मी असलो की गवत. मी नसलो की सोनं.

चप्पल काढायची पण विसरलो. तिथेच उभा राहिलो.

२४ जुलै, सोमवार

दोन दिवस वहीला हात लावला नाही. आता लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगू?

माझ्यासमोर एकही चांगलं रीडिंग आलेलं नाही. एकही. चांगली सगळी माझ्या पाठीमागे. मला बाहेर धाडायला खोटी कामं निघतात. यात माणसाने काय समजायचं? माझी मुलगी आकडे रचते आहे.

चोवीस वर्षं मी बोटीचा वायरलेस लॉग लिहिला, ऐकलेल्या संदेशांची नोंद. जे कानांनी ऐकलं नाही ते कधी लिहिलं नाही. एकदा कॅप्टनने एक ओळ घालायला सांगितली, तर पेन त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, तुमच्या हाताने लिहा. आणि माझ्या पोटची पोर! तळपायाची आग मस्तकात गेली. फ्रान्सला जायची एवढी घाई?

तिला विचारायचा धीर झाला नाही. स्टँडवरच्या एसटीडी बूथवरून वझ्यांना फोन लावला. सांगितलं सगळं. म्हटलं, एकदा समोर उभं राहून बघा आणि मग सही करा. ते म्हणाले, "काका, बरं झालं बोललात. हल्ली मुलं आकडे घरीच पाडतात. मी शिफारस थांबवतो. परीक्षकांना घेऊन स्वतः येतो."

सरळ मार्गाने वागलो. मग परतताना नेहमीची वाट सोडून मागच्या गल्लीने का आलो?

२५ जुलै, मंगळवार

वझे गाढव आहे! तिला दोन वर्षं शिकवलंस ना रे? आणि बूथवरून कुणा म्हाताऱ्याचा फोन आला तर "बरं झालं बोललात"? एकदा तरी म्हणायचं होतंस, काका, मनस्विनी तसली मुलगी नाही. मी वाट बघत होतो त्याची.

मनूला वझ्यांचा फोन आला. माझं नाव सांगितलं त्यांनी. तिने फोन ठेवला. बाहेर गेली आणि छत्री पण नेली नाही.

५ ऑगस्ट, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

वझे आले, मुंबईहून परीक्षक बाई आल्या. वझे मला म्हणाले, "काका, तुम्ही नेहमीसारखे आत बसा. साक्षीदार म्हणून." मनू पुढे आली, मग यंत्राकडे वळली. मी खुर्ची घेऊन आत गेलो. टिचकी सोडली, कालवा भरून घेतला. मधल्या वेळात टाळक्यावर गळायला लागलं म्हणून खुर्ची कोपऱ्याकडे ओढली. मग उलटा सोडला. बाहेरून कुणाचा आवाज नाही. दार उघडून बघतो तर पडद्यावर गवत, आणि वझे माझ्याकडे बघून मान हलवताहेत. तुमचंच खरं, अशा अर्थी.

माझं खरं झालं, आणि मनूकडे बघवेना.

बाईंनी वझ्यांकडे लक्षच दिलं नाही. मला विचारलं, "तुम्ही आत होतात? सगळा वेळ?"

"हो. रोजच असतो."

"आणि खुर्ची? मघाशी मी डोकावले तेव्हा भिंतीशी होती."

"गळतंय तिथे. म्हणून सरकलो."

बाई मनूकडे वळल्या. "अगं, मुली, बारा सेंटिमीटरची लाट आहे. एवढा उंच माणूस, शिवाय लोखंडी खुर्ची, आणि मधल्या वेळात जागा बदलतोय. अर्ध्या वाटाच बदलल्या की! भरून घेतलेलं परत कसं जुळणार? यांना बाहेर का नाही बसवत?"

मनूने पाइपातली वायर उगाच नीट केली.

मी बाहेर आलो. खुर्ची पण उचलून आणली. दार लावलं. पुन्हा भरून घेतलं, पुन्हा उलटा सोडला. बंदरावर पाऊस कोसळत होता. पडद्यावर सुळका उभा राहिला. सरळ, देवळाच्या कळसासारखा. बाईंनी परत करायला लावलं, परत आला. परत करायला लावलं, परत आला.

वझे "व्वा, व्वा" म्हणाले. आता व्वा! त्या माणसाला तिथल्या तिथे बंदरात ढकलावंसं वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठ स्वतःला.

६ ऑगस्ट, रविवार

सगळा दिवस मनू कागदांत डोकं घालून बसली. मीच फुटलो शेवटी.

"मला सांगायचं नाही? बाप मूर्ख आहे, त्याला कळणार नाही, असं?"

"सांगितलं होतं, बाबा. लाटा लहान आहेत म्हणाले. तुम्ही ढेकूण म्हणालात."

"मग ओरडायचं! हाकलून द्यायचं मला! आख्ख्या दुनियेवर ओरडणारा बाप आहे, त्याच्यावर एकदा ओरडता येत नाही?"

"ओरडले असते तर तुम्ही परत तिथे पाऊल टाकलं नसतंत." तिचा आवाज चढला. "सात वर्षांनी तुम्ही कामावर निघत होतात. आई रोज सकाळी खिडकीतून बघत उभी राहायची. मी म्हटलं, जमवू दोन्ही. तुम्ही असाल ते दिवस तुमचे, नसाल ते माझे."

कुसुम म्हणाली, "मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं." मी तिच्यावर ओरडणार होतो. तिचं तोंड बघून पाण्याचा तांब्या उचलला.

मनू उठली आणि दारात थांबली. "तुम्ही प्रयोग बिघडवलात त्याचं मला काही नाही, बाबा. पण मी खोटं लिहीन, असं तुम्हाला वाटलं तरी कसं?"

चोर शोधत अख्खं बंदर पालथं घातलं आणि चोर खुर्चीवर बसून पहारा देत होता. लाज वाटते. आणि लाज वाटली की मला आणखी राग येतो, हे एक मेलं वेगळंच.

७ ऑगस्ट, सोमवार

सकाळी चहा पिताना मनू आईशी बोलत होती. बाईंना आणखी एक रीडिंग पाहिजे. खोलीत माणूस असताना. माणूस असला तरी चालतं, फक्त हलला तर बिघडतं, हे आकड्यांत दाखवायचं. ते आलं की शिफारशीवर सही करायचं बाईंनी वझ्यांकडून कबूल करून घेतलंय. पण आजच करायला हवं, उद्या भिकाजी मशीन सुरू करणार. "निलेशला विचारते आत बसायला," म्हणाली.

निलेश! माझ्या जिभेवर दहा शब्द आले. सगळे चहाबरोबर गिळले. कुसुम माझ्याकडे बघत होती. मी बशीकडे.

चपला घालून मनू पायरीवर गेली आणि मागे न बघता म्हणाली, "येताय का?"

वाटभर ती दोन पावलं पुढे. मिरकरवाड्याला निलेश दाराशीच होता. मी त्याला म्हटलं, "मी त्या दिवशी वेड्यासारखा बोललो रे." तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे, काका," आणि माझ्या हातातली खुर्ची घेऊन आत ठेवलीन. मनूने खुर्चीच्या पायांभोवती खडूने आखलं. माझ्या पावलांभोवती पण आखलं. हात कुठे ठेवायचे ते सांगितलं. हसली नाही. दार लावून घेतलं.

बसलो. गळती नेमकी टाळक्यावर. एक डास कानाशी आला, मग कानावर बसला. गुडघ्यात कळ. आणि राग! वझ्यांचा, उपग्रहांचा, त्या सूटकेसचा, कुसुमचा, आणि सगळ्यात जास्त या खुर्चीतल्या थेरड्याचा. एरवी उठून चार येरझाऱ्या घातल्या असत्या म्हणजे जरा बरं वाटलं असतं.

बोटीवर दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं साऱ्या समुद्राने गप्प बसायचं, असा नियम होता. कुणी काही पाठवायचं नाही, फक्त ऐकायचं. कुठे कुणी बुडत असेल तर त्याचा बारीक आवाज यावा म्हणून. अनोळखी माणसांसाठी मी चोवीस वर्षं ती मिनिटं पाळली, एकदा चुकवली नाही. स्वतःच्या घरात कधी पाळली? मनू लहान लाटेचं सांगत होती तेव्हा तरी?

पाणी मानेवरून पाठीत उतरलं. डास पोट भरून गेला. मी खडूच्या रेघेत बसून राहिलो.

दार उघडलं. मनूच्या पाठीमागे उजेड, चेहरा काही दिसेना.

"आला?" मी मान न वळवता विचारलं.

"आला. थोडा बुटका आहे, पण जागच्या जागी."

मी उठायला गेलो.

"उठू नका," ती म्हणाली. "अजून एकदा घ्यायचंय."

नाही उठलो.